मोजणीवाली मुलगी आणि बांधावरची काकी

आम्ही डोंबिवलीतल्या बचत गटांच्या समन्वयक. एरवी आपण इथे भेटतो ते मसाल्यांची विक्री, बँकेचं कर्ज, आरोग्य तपासणी अशा विषयांवर. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, "ताई, हे काय आपलं काम आहे?" विषय आहे जमिनीची मोजणी आणि ती करणाऱ्यांचं काम. शेवटपर्यंत ऐका, मग सांगा आपलं आहे की नाही.

कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा घोडबंदरला, जिथे मेट्रोची कामं चालतात तिथे तुम्ही पाहिलं असेल. तीन पायांच्या घोड्यावर एक यंत्र ठेवलेलं असतं आणि एक माणूस त्याला डोळा लावून उभा असतो. थोड्या अंतरावर दुसरा माणूस काठी सरळ धरून असतो. आमच्या गटातल्या बायकांना बरेच दिवस वाटायचं की हे रस्त्याचे फोटो काढतात. एक ताई तर थांबून केस सारखे करून उभ्या राहिल्या होत्या! ते फोटो काढत नव्हते, अंतर मोजत होते.

त्या यंत्राला टोटल स्टेशन म्हणतात. भूमी अभिलेख खात्यात त्यालाच ईटीएस मशीन म्हणतात. यंत्रातून प्रकाशाचा किरण निघतो, काठीच्या टोकावरच्या काचेच्या प्रिझमला लागून परत येतो आणि त्यावरून यंत्र अंतर सांगतं. आडवा आणि उभा कोनही तेच मोजतं. असे पुरेसे बिंदू घेतले की जमिनीचा नकाशा तयार होतो. दुसरं यंत्र म्हणजे रोव्हर. हे काठीवर बसवलेल्या छत्रीसारखं दिसतं. ते उपग्रहांकडून खुणा घेतं आणि आपण कुठे उभे आहोत ते काही सेंटीमीटरच्या फरकाने सांगतं. मोकळ्या शेतात रोव्हरने काम भराभर होतं. पण दाट झाडीत किंवा आपल्या डोंबिवलीच्या गल्ल्यांत, दोन्ही बाजूंना सहा-सहा मजले असताना, त्याला आकाशच नीट दिसत नाही. तिथे पुन्हा टोटल स्टेशन लागतं.

हे सगळं आम्हाला कसं कळलं? आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीमुळे.

ही मुलगी दहावीला बेताच्या मार्कांनी पास झाली. गणित मात्र चांगलं. आईचं म्हणणं, ब्युटी पार्लरचा कोर्स कर. मुलीने शाळेच्या सरांकडून ऐकलं होतं की आयटीआयमध्ये सर्वेक्षक नावाचा दोन वर्षांचा ट्रेड असतो. आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही समजवा तिला. मुलीची जात, उन्हातान्हात जमिनी मोजत फिरणार का?" खरं सांगायचं तर तेव्हा आम्हालाही आईचंच पटलं होतं. आम्ही मुलीला समजवायला गेलो आणि तिनेच आम्हाला समजावलं. "मावशी, आई सकाळी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन उन्हातच बसते ना? मग मी यंत्र घेऊन उभी राहिले तर काय बिघडलं?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

दोन वर्षं ती शिकली. तिच्या तुकडीत मुली मोजक्याच होत्या. पुढे संगणकावर नकाशे काढण्याचा, म्हणजे ऑटोकॅडचा क्लास करायचा होता. त्यासाठी गटातून नऊ हजार रुपये कर्ज दिलं. तेव्हा आमच्यात वाद झाला होता. शिलाई मशीनला कर्ज देताना कोणी दोनदा विचारत नाही, इथे चार सभा लागल्या. आज ते कर्ज फिटलं आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

पहिली नोकरी एका खासगी ठेकेदाराकडे, रस्त्याच्या कामावर. पहिल्याच दिवशी साइटवरचा माणूस हसून म्हणाला, "बाई, हा घोडा तुला उचलेल का?" तिने घोडा खांद्यावर टाकला आणि चालू लागली. पण खरा त्रास वजनाचा नव्हता. साइटवर बाईसाठी शौचालय नव्हतं. ती दिवसभर पाणीच प्यायची नाही. दोन महिन्यांत लघवीच्या जळजळीने आजारी पडली. मैत्रिणींनो, हे आम्ही मुद्दाम रेडिओवर सांगतो आहोत, कारण कामाची माहिती देताना ही बाजू कोणी सांगत नाही. मग आमच्या गटांनी एक साधी गोष्ट केली. जिथे तिचं काम असेल त्या भागातल्या एका सभासद ताईचं घर तिला ठरवून दिलं. जेवायला, पाणी प्यायला, बाथरूमला जायला. ठेकेदाराकडेही तिने सोय मागितली, पण ती मिळायला बराच काळ गेला. मुलीला कामावर पाठवायचं तर ही व्यवस्था आधी विचारा. लाजू नका.

आता कामाचं स्वरूप सांगतो. सकाळी लवकर निघायचं, कारण ऊन चढलं की जमिनीवरून गरम हवा थरथरते आणि लांबचं नीट दिसत नाही. यंत्र ठरलेल्या खुणेच्या बरोबर वर उभं करायचं. त्यावर पाण्याच्या पातळीसारखा एक बुडबुडा असतो, तो मध्यभागी आणायचा. मागच्या माहीत असलेल्या खुणेवर नजर लावून खात्री करायची, मगच पुढचे बिंदू घ्यायचे. काम संपताना पुन्हा पहिल्या खुणेवर येऊन ताळा जमतो का ते पाहायचं. आपण गटाच्या वहीत रोख आणि नोंद जुळवतो ना, अगदी तसंच. संध्याकाळी हे सगळं संगणकावर घेऊन नकाशा काढायचा. बांधकामावर लाइन आउट द्यावी लागते, म्हणजे खांब कुठे येणार त्याच्या खुणा जमिनीवर करायच्या. खूण चुकली तर खांब चुकतो. म्हणून या कामात ताकदीपेक्षा सावधपणा जास्त लागतो, आणि महिन्याचा हिशोब पै-पैचा लावणाऱ्या घरातल्या मुलींना तो शिकवावा लागत नाही.

मोजणी काही आजची नाही. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी जमिनीची मोजणी केली, तेव्हा पाच हात पाच मुठींची काठी धरली होती. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. पुढे इंग्रजी अमलात १८३५ च्या सुमाराला इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी मोजणी सुरू केली. ती पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. आजही आपल्या सातबाऱ्यावर जो सर्वे नंबर दिसतो त्याचं मूळ त्या काळच्या मोजणीत आहे. तेव्हा शंकू-साखळी होती. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणायचे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे ३३ गुणिले ३३, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. हाच आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. गुंठा हा आकडा असाच का, हे कोडं आम्हाला त्या मुलीने उलगडून सांगितलं.

आता काकींची गोष्ट.

काकी आमच्या गटातल्या जुन्या सभासद. कल्याण-शीळ रस्त्याच्या आतल्या बाजूला एका गावात त्यांची भातजमीन. सासऱ्यांच्या वेळीच दोन भावांत वाटणी झालेली, दोन्ही हिस्से वेगळे, दोन्ही सातबारे वेगळे. काकींचे यजमान वारले त्याला सात-आठ वर्षं झालेली. दिराने आपल्या हिश्शाची मोजणी करून घेतली. शेजारची खातेदार म्हणून काकींना नोटीस यायला हवी होती. नोटीस निघालीही. पण कुणाच्या नावाने? वारलेल्या यजमानांच्या. आणि कुठल्या पत्त्यावर? गावातल्या बंद घराच्या. कारण काकींनी वारस नोंदच केली नव्हती. मोजणी झाली, खुणा ठरल्या, आणि काकींना कळलं ते महिन्याभराने. बांधाच्या जागी मातीचा भराव पडला होता आणि त्यावर पत्र्याचं कुंपण उभं होतं.

काकी मीटिंगला आल्या आणि म्हणाल्या, "मना नकाशा वाचता येत नाय, पन बांध कुठं व्हता ते मना म्हाईत हाय." आम्ही सगळ्या गप्प. कारण आमच्यापैकी कुणालाच नकाशा वाचता येत नव्हता.

तेव्हा ही मुलगी म्हणाली, मी येते. रविवारी ती काकींसोबत शेतावर गेली. तिथे तिने काहीही मोजलं नाही. तिने आधी सांगितलं, "काकी, मी मोजून काही उपयोग नाही. सरकारी हद्द सरकारी मोजणीनेच ठरते. आधी तुमचं नाव सातबाऱ्यावर आणा." मग तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारस नोंदीचा अर्ज झाला. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, सह्या. फेरफार मंजूर होऊन काकींचं आणि दोन्ही मुलींचं नाव लागलं. मुलींचंही, बरं का. वडिलांच्या जमिनीत मुलींचा वाटा असतो आणि लग्न झालं म्हणून तो जात नाही. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज, ऑनलाइन, फी भरून.

मोजणीच्या दिवशी काकी सकाळी सातला बांधावर हजर. सोबत दोन्ही मुली, गावातली दोन वयस्कर माणसं आणि आम्ही चौघी. भूकरमापक साहेब आले. त्यांनी रोव्हर लावला. जुन्या नोंदी, म्हणजे टिपण आणि फाळणी नकाशा, सोबत आणले होते. भरावामुळे बांध दिसत नव्हता, पण काकींनी एक जुना दगड दाखवला, अर्धा मातीत बुडालेला. दुसऱ्या टोकाला विहिरीचा कोपरा दाखवला. साहेबांनी ते बिंदूही घेतले. मुलगी शेजारी उभी राहून काकींना एकेक गोष्ट समजावत होती. जबाब लिहिला, पंचनामा झाला. काकींनी वाचून घेतल्यावरच सही केली.

निकाल काय लागला? हद्दीच्या खुणा कुंपणाच्या आत आल्या. साधारण दीड गुंठा जमीन पलीकडे गेली होती. पण मैत्रिणींनो, गोष्ट इथे संपत नाही. मोजणीने हद्द कळते, पण मोजणारा माणूस कुंपण काढून देत नाही. तो त्याचा अधिकार नाही. त्यासाठी पुढचा रस्ता वेगळा. दिराचं आणि काकींचं अजून बोलणं चालू आहे, दोन वेळा कडाक्याचं भांडणही झालं. कुंपण आज तिथेच आहे. पण काकींच्या हातात त्यांच्या नावाची क प्रत आहे, म्हणजे हद्दी दाखवलेला मोजणीचा नकाशा. आधी बोलणं सुरू व्हायचं ते "वहिनी, तुम्हाला काय कळतंय" इथून. आता ते नकाशावर होतं.

दीड गुंठ्यासाठी एवढं? असं कोणी म्हणेल. हिशोब करा. शंभर फूट लांबीचा बांध फक्त एक फूट सरकला तर शंभर चौरस फूट जागा गेली. डोंबिवलीत एवढ्या जागेत एक स्वयंपाकघर बसतं. आपल्या ठाणे जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, बुलेट ट्रेनची आणि मुंबई-वडोदरा महामार्गाची जमीन घेतली गेली. अशा वेळी मोबदला ठरतो तो मोजलेल्या क्षेत्रावर आणि मिळतो तो कागदावर नाव असलेल्याला. मोजणीला आपण हजर नसलो, कागदावर आपलं नाव नसलं, तर नंतर रडून काय होणार?

आणि ज्यांच्याकडे शेत नाही, फ्लॅट घ्यायचा आहे, त्यांनीही ऐकावं. डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारतींचं प्रकरण आपल्या डोळ्यांसमोर घडलं. खोट्या परवानग्यांच्या कागदांवर रेरा नोंदणी झाली, लोकांनी आयुष्याची कमाई घातली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. घर बघताना आपण टाइल्स आणि किचनचा ओटा बघतो. त्याआधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणीचा नकाशा आणि महापालिकेची परवानगी मागा. परवानगीचा कागद खरा आहे का, ते महापालिकेत जाऊन विचारा.

आता वही घ्या आणि लिहून घ्या. मोजणी असेल तर काय करायचं?

पहिलं, सातबारा काढा. नाव कोणाचं आहे आणि क्षेत्र किती आहे ते बघा. माणूस वारला असेल तर वारस नोंद आधी.

दुसरं, शेजारच्या मोजणीची नोटीस आली तरी ती आपली समजा. तारखेला हजर राहा. पत्ता बदलला असेल तर कार्यालयाला लेखी कळवा.

तिसरं, जुने दगड, विहीर, झाड, बांध, जे माहीत असेल ते दाखवा. सासूबाईंना सोबत न्या. त्यांना जे आठवतं ते आपल्याला माहीत नसतं.

चौथं, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही. जबाब वाचून घ्या. पटलं नाही तर तिथेच हरकत लिहून द्या.

पाचवं, मोजणीच मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्यांकडून फेरमोजणी मागता येते. तिला निमताना मोजणी म्हणतात.

मुरबाड, शहापूरकडच्या ज्या मैत्रिणी ऐकत असतील त्यांच्यासाठी एक जादा गोष्ट. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी होते. ड्रोन उडण्याआधी घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात. त्या रेघेच्या वेळी बाई घरात चुलीपाशी नको, रेघेपाशी हवी.

बाहेरच्या देशातही हे घडलं आहे. आफ्रिकेत रवांडा नावाचा छोटा देश आहे. तिथे २००९ ते २०१३ या काळात देशभरातल्या जमिनीची नोंद झाली, एक कोटीहून जास्त तुकड्यांची. गावातल्याच माणसांना थोडं प्रशिक्षण देऊन हाताशी घेतलं, आकाशातून काढलेल्या फोटोंवर शेजाऱ्यांसमोर हद्दी आखल्या, आणि नवऱ्याबरोबर लग्नाच्या बायकोचंही नाव लागलं. ते शेतकरी काही आपल्याहून श्रीमंत नाहीत. त्यांना जमलं, आपल्याला का जमू नये?

शेवटी, ज्यांच्या घरात दहावीची मुलगी आहे त्यांच्यासाठी. सर्वेक्षक हा आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावीनंतर. प्रवेश ऑनलाइन होतात. आपल्या जवळच्या कोणत्या आयटीआयमध्ये हा ट्रेड आहे ते निकालाच्या आधीच चौकशी करून ठेवा. सरकारी भूकरमापकाच्या भरतीला स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा दहावीनंतर हे दोन वर्षांचं प्रमाणपत्र चालतं. सोबत मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचं टायपिंग लागतं, म्हणून टायपिंगचा क्लास आधीच लावा. सरकारी नोकरीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, ते इथेही आहे. जाहिरात आली की अटी स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, आणि नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. खासगीत रस्ते, मेट्रो, बांधकाम, नकाशे काढणारी ऑफिसं, इथे काम आहे. सुरुवातीचा पगार फार नसतो, पण हात बसला की वाढतो. काहीजणी विचारतात, ड्रोन दीदी म्हणजे हेच का? नाही. नमो ड्रोन दीदी योजनेतले ड्रोन शेतात फवारणीसाठी आहेत. मोजणीच्या ड्रोनचं शिक्षण वेगळं. मात्र ड्रोन चालवण्याच्या परवान्याला १८ वर्षं पूर्ण आणि दहावी पास एवढं लागतं, तेव्हा तोही रस्ता बंद नाही.

आमची ती मुलगी आता भरतीचा अभ्यास करते आहे. सकाळी साइट, रात्री टायपिंग. लागेल की नाही, आम्ही सांगू शकत नाही. पण मागच्या महिन्यात एक गोष्ट झाली. गावात दुसऱ्या कुणाची मोजणी होती. काकी बोलावल्याशिवाय तिथे गेल्या, नवीन विधवा झालेल्या एका सुनेला हाताला धरून बांधावर उभं केलं आणि म्हणाल्या, "हितं उभी ऱ्हा. नाव इचारतील तवा मोठ्यानं सांग."

मैत्रिणींनो, पुढच्या गट सभेला येताना घरचा सातबारा किंवा घराचा कागद घेऊन या. मुलगी येणार आहे, नकाशा कसा वाचायचा ते दाखवायला. चष्मा विसरू नका.